जाड रेघ त्याची, बारीक माझी

दादाच्या पायापासून सांगते, कारण अक्षर तिथून आलं.

लहानपणी तापातून उठला तेव्हा त्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड राहिला. लंगडायचा म्हणावं तर तसा फार नाही, पण उभा राहिला की सगळा उजवीकडे कलायचा, कुणाचं तरी बोलणं कान देऊन ऐकतोय असा. आई म्हणायची, हा माझा पोरगा भिंतीला टेकलेला नसतो, भिंतच त्याला टेकायला येते.

अठरा वर्षांचा झाल्यावर बोर्ड रंगवणाऱ्या एका मास्तरांकडे कामाला लागला. मास्तर तिखट माणूस. पहिल्यांदा दादाला पूर्ण नाव लिहायला दिलं ते एका सलूनचं. दादाने लिहिलं आणि सगळी अक्षरं उजवीकडे झुकलेली. सलूनवाला म्हणाला, माझं दुकान पडायला आलंय असं वाटतंय हे. मास्तरांनी दादाला चार शिव्या घातल्या, पुसायला लावलं, परत लिहायला लावलं. परत तिरकं. तिसऱ्यांदाही तिरकं. मग मास्तरांनी काटकोन बघायचा गुण्या आणला आणि एकेक अक्षर मोजलं. सगळी एकाच मापाने कललेली, केसाचा फरक नाही. मास्तरांनी गुण्या खाली ठेवला. मग सलूनवाल्याला म्हणाले, "पडत नाहीये ते, पळतंय. गिऱ्हाईक पण पळत येईल बघ." सलूनवाल्याने बोर्ड ठेवून घेतला आणि दादाला लोक तिरके पेंटर म्हणायला लागले. खरं नाव पुढे आम्हालाच कागदावर लिहिताना आठवावं लागायचं.

आता अक्षर कसं होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. काळंभोर, जाड, उजवीकडे कललेलं. पण जाड म्हणजे सगळीकडे जाड नाही. उभी रेघ अशी जाड की अंगठा मावेल, आणि तीच वळली की बारीक होत होत केसाएवढी व्हायची. प्रत्येक टोकाला एक टोकदार नख. मांजर नखं काढते ना, तेवढंच. आणि अक्षरं कितीही कलली तरी डोक्यावरची आडवी रेघ सरळ. डोक्यावर घागर घेतलेली बाई कशीही चालू दे, घागर हलत नाही, तसं. दादाचं म्हणणं, जाडपणा कुणालाही जमतो, ब्रश दाबला की झालं. जाडाच्या शेजारी बारीक उभं राहिलं तर अक्षराला जीव येतो.

ते अक्षर फक्त मोठं लिहायचं. दुकानाचं नाव, सर्कशीचं नाव, बँडच्या ढोलावरचं नाव. लहान लिहिलं की बारीक रेघा दिसेनाशा व्हायच्या. एका डॉक्टरांनी ऐकलं नाही. त्यांना दवाखान्याच्या वेळाही त्याच अक्षरात हव्या होत्या, खाली, बोटभर उंचीच्या. दादा नको म्हणत होता, पण डॉक्टर म्हणाले, पैसे मी देतोय ना. झालं, ९ चं बारीक वळण लांबून दिसेना, लोकांना तो १ वाटायला लागला. सकाळी नऊचे पेशंट दुपारी एकला येऊन उभे. डॉक्टरांचा हात घासाला लागला की बेल. आठ दिवस त्यांनी धड जेवण केलं नाही, मग स्वतः येऊन दादाला बोलावून नेलं. दादा तेव्हापासून सगळ्यांना सांगायचा, हे अक्षर हाक मारायचं आहे, गप्पा मारायचं नाही.

मी त्याच्याहून सात वर्षांनी लहान. आई अंथरुणाला खिळली म्हणून माझी शाळा चौथीत सुटली. घरचं आवरलं की मी त्याच्या मागे मागे, रंगाचे डबे घेऊन. तो मला शेपटे म्हणायचा. वाचायला मी नीट शिकले ती त्याच्या बोर्डांवरूनच, त्यामुळे मला बरीच वर्षं वाटायचं की अक्षर मुळात तिरकंच असतं आणि पुस्तकवाले चुकून सरळ छापतात. लग्न झालं तरी मी दोन गल्ल्या सोडूनच राहिले. शिंप्याच्या दुकानात काज करायचं काम धरलं. शर्टाची काजं, कोटाची काजं, चाळीस वर्षं. माझे यजमान गेले, पोरं आपापल्या मार्गाला लागली, पण काजं आणि दादाकडची रोजची संध्याकाळची फेरी, ही दोन कामं सुटली नाहीत.

फ्लेक्स आल्यावर रंगवणारे बहुतेक बसले. दादा बसला नाही, कारण ते तिरकं अक्षर मशीनमध्ये नव्हतं. ज्यांना तेच हवं ते त्याच्याकडेच यायचे. महिन्याला चार-पाच बोर्ड, त्याला आणि वहिनीला पुरेसे.

मग हात कापायला लागला. सुरुवातीला त्याने कुणाला दाखवलं नाही, उजवा हात खिशात घालून फिरायचा. वहिनीला वाटलं, म्हातारपणी याला स्टाइल सुचली. मला कळलं ते चष्मेवाल्याच्या बोर्डामुळे. मी गेले तेव्हा पत्रा टेबलावर आडवा, जाड रेघा सगळ्या झालेल्या, आणि बारीक एकही नाही. नुसती काळी ढेकळं. चष्म्याचा च ओळखू येईना. दादा खिडकीपाशी उभा होता. म्हणाला, "शेपटे, जाड अजून जमतं. ब्रश दाबून धरला की हात गप्प बसतो. बारकीला दाबता येत नाही ना."

त्याने बारीक ब्रश माझ्या हातात दिला, हाताखाली टेकायची काठी दिली, टोकाला चिंधी गुंडाळलेली. रेघ कुठून निघायची तिथे त्याने पेन्सिलीने छोटी फुली मारली, कुठे संपायची तिथे दुसरी. म्हणाला, काज करतेस ना, तसंच. श्वास सोडताना ओढ, घेताना ओढू नकोस. पहिल्या रेघेला मला घाम फुटला. दुसरी बरी आली. तिसरीला तो म्हणाला, "हं." दादाचं हं म्हणजे फार झालं.

त्या दिवसापासून सहा वर्षं जाड रेघ त्याची, बारीक माझी. बाहेर जाऊन भिंतीवर लिहायचं काम त्याने बंद केलं. गुडघे दुखतात म्हणून सांगायचा. बोर्ड घरी आणून टाका म्हणायचा. मी दुकानातून सुटले की जायचे, पत्र्यावर फुल्या मारलेल्या असायच्या, मी रेघा ओढायचे आणि फुल्या पुसून टाकायचे. गिऱ्हाइकाला कळलं नाही. कळू द्यायचं नाही हे आमचं बोलून ठरलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. तिरक्या पेंटरचा हात गेला असं एकदा गावभर झालं असतं तर एक बोर्ड आला नसता. ते मला मान्य होतं. खरंच मान्य होतं, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. कॉम्प्युटरसाठी अक्षरं तयार करायचं तिचं काम. गल्लोगल्ली फिरून जुन्या बोर्डांचे फोटो काढत होती, दादाचे तिच्याकडे ऐंशीच्या वर फोटो निघाले. तिला दादाच्या अक्षराचा फॉन्ट करायचा होता. म्हणजे मग कुणीही टाइप केलं की दादाच्याच अक्षरात उमटणार. वहिनीने शेजारी सांगितलं की ह्यांचा फोन काढणार आहेत. शेजारीण विचारायला लागली, कुठल्या कंपनीचा, बॅटरी किती चालते. दोन दिवस गल्लीत तेच.

दादा हसला नाही त्यावर. त्याला ते फारच लागलं, चांगल्या अर्थाने. तो म्हणायचा, पत्रा गंजतो, दुकान विकलं जातं, नवा माणूस येऊन पांढरा रंग फासतो. हे तसं होणार नाही. मुलीने मोठाले कागद दिले, एका कागदावर एक अक्षर, मुळाक्षरं आणि आकडे मिळून अठ्ठावन्न. दादाला त्या कागदांशिवाय दुसरं काही सुचेना. डॉक्टर सांगत होते की कंपवात आता पायात उतरतोय, हृदयही नीट नाही. आणि तो हिशेब मांडत बसायचा की आठवड्याला किती अक्षरं झाली तर अठ्ठावन्न कधी होतील. मी जायच्या आधी हे व्हायला पाहिजे, इतकंच म्हणायचा. जी अक्षरं दुकानांच्या नावात नेहमी लागतात ती भराभर झाली. जी लागत नाहीत ती मागे राहिली. ङ त्याने आयुष्यात एकदाही लिहिला नव्हता. म्हणाला, ङ चं दुकान कुणी काढलंच नाही तर मी तरी काय करू.

सत्तेचाळीस अक्षरं झाली होती तेव्हाची गोष्ट. मुलगी म्हणाली, काका, तुमचा हात चालताना थोडं शूटिंग घेते. दादा टाळत होता, एक दिवस ती कॅमेरा घेऊनच आली. दादाने झ घ्यायचा सोडून आधीच झालेला र परत घेतला, त्यातल्या त्यात सोपा. जाड रेघ कॅमेऱ्यासमोर अशी ओढली की ती मुलगी श्वास घ्यायची विसरली. मग दादा म्हणाला, रंग जरा बसू दे, तोवर चहा घेऊ. सगळे आत गेले. मी तेवढ्यात बारीक ओढून टाकली. ते परत आले तेव्हा ब्रश माझ्या हातातच होता.

मुलीने बघितलं. म्हणाली, "मावशी, तुम्हीपण काढता का?"

दादाने माझ्याकडे बघितलंही नाही. "ती? ती रंग कालवते. ब्रश धुते." आणि हसला.

मुलगीही हसली, चांगली पोर आहे, तिच्या मनात काही नव्हतं. मी ब्रश धुतला, फडक्याला पुसला, डब्यात उभा ठेवला आणि घरी आले. गिऱ्हाइकांसमोर गप्प राहणं वेगळं होतं. बोर्ड दहा वर्षांत जातो. हे कायमचं राहणार होतं, आणि त्यात मी ब्रश धुणारी म्हणून राहणार होते.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी वहिनी दुकानात आली, ब्लाउजचं एक काज उसवलंय असं निमित्त करून. काज उसवलेलं नव्हतं, कात्रीने कापलेलं होतं. मी ते करून दिलं. जाताना म्हणाली, "ये ना गं. त्यांचं काम अडलंय."

मी म्हटलं, "रंग कालवायला काय, कुणीही मिळेल."

वहिनीने ते घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं असणार, कारण ती काही पोटात ठेवत नाही. नंतर मला म्हणाली की ते नुसतेच हसले थोडे आणि टेबलाकडे गेले.

अठरा दिवस मी गेले नाही. रोज दुकानातून सुटले की पाय त्याच गल्लीकडे वळायचे आणि मी त्यांना फिरवून आणायचे. मनात म्हणायचे, त्याने एकदा बोलवावं. वहिनीने नाही, त्याने. आमच्याकडे हा हट्ट दोघांतही सारखाच, आईकडून आलेला. एकोणिसाव्या दिवशी चारच्या सुमाराला दुकानात फोन आला. दुपारी आडवा झाला होता, वहिनी चहाला उठवायला गेली तर उठला नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला माहीत आहे.

दहा-बारा दिवसांनी वहिनी म्हणाली, ती मुलगी कागद न्यायला येणार आहे, जरा टेबल आवरून दे, मला तिथे हात लावायला होत नाही. मी गेले. खोलीत आडवी दोरी बांधलेली आहे, चिमटे लावून कागद वाळत घालायची. तिच्यावर अकरा कागद होते. उरलेली अकराच्या अकरा. ङ, ञ, ष, ऋ, सगळी मागे राहिलेली. जाड रेघा पूर्ण, काळ्याभोर, एकही डगमगलेली नाही. बारीक एकही नाही. आणि जिथे जिथे बारीक यायची तिथे पेन्सिलीच्या फुल्या. सुरुवातीची फुली, शेवटाची फुली. कोपऱ्यात तारीख घालायची त्याला सवय होती. पहिल्या कागदावरची तारीख, मी गेले नाही त्याच्या दुसऱ्या दिवसाची. मग कधी रोज, कधी एक दिवसाआड, एकेक. मी येणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

फक्त झ च्या कागदावर बारीक रेघ होती. ती त्याने स्वतः ओढून बघितली होती. तारीख शेवटची. रेघ फुलीपासून नीट निघालेली, मग पाण्यात काडी धरावी तशी हलत हलत गेलेली, आणि दुसऱ्या फुलीपर्यंत पोचलेली नाही.

मी तिथे खाली बसले. वहिनी दारात आली आणि परत गेली.

मुलगी आली तेव्हा मी तिला ते कागद दाखवले आणि म्हटलं, हे अर्धे आहेत, काय करायचं बघ. ती म्हणाली, "मावशी, बाकीच्या तुम्हीच ओढा ना. काकांनी सांगितलंय मला, बारीक रेघा सगळ्या तुमच्या आहेत म्हणून."

मी विचारलं, कधी सांगितलं.

तिने फोन काढून बघितलं. शूटिंग झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने फोन केला होता. म्हणाला होता, परवा मी खोटं बोललो, माझा हात सहा वर्षांपूर्वीच गेलाय, बारीक रेघ माझ्या बहिणीची आहे, नाव दोघांचं टाक. आणि ते शूटिंग पुसून टाक. मुलीने पुसलं होतं. तिला वाटलं मला हे माहीतच असेल. वहिनीलाही तसंच वाटलं. तो फोनवर बोलला तेव्हा ती तिथेच भाजी निवडत होती. म्हणजे वहिनी काज घेऊन आली आणि मी ते रंग कालवायचं बोलले, त्याच्या दोन दिवस आधी तो सगळं सांगून मोकळा झालेला होता. जगाला सांगितलं, मला तेवढं सांगायचं राहिलं. आणि मी तर विचारलंच नाही.

दहा कागद मी चार संध्याकाळींत केले. त्याच्याच टेबलावर, तीच काठी. ङ ला फार जपलं, कारण तो त्याचा पहिलाच होता. फुल्या पुसल्या नाहीत. मुलगी म्हणाली, राहू देत, कॉम्प्युटरमध्ये त्या येत नाहीत.

झ राहिला. मुलगी म्हणत होती, मावशी, तो तसाच ठेवू या का, काकांच्या हाताची खूण म्हणून. वहिनीचंही तेच. रडत रडत म्हणाली, असू दे गं ते कापरं, तेवढं तरी त्यांचं असू दे. मलाही वाटलं तसं. दोन दिवस मी तो कागद घरी नेऊन ठेवला होता, कपाटावर, सारखा दिसेल असा.

पण मी दादाला पन्नास वर्षं बघितलंय. कापरी रेघ असलेला बोर्ड त्याने कधी दाराबाहेर जाऊ दिला नाही. एकदा रंगाचा एक ओघळ राहिला म्हणून बेकरीवाल्याचा पत्रा भर बाजारातून परत आणला होता, तेही त्या पायाने. त्याला अठ्ठावन्न अक्षरं पूर्ण हवी होती आणि ती तिरक्या पेंटरच्या अक्षरासारखी हवी होती. कुणीतरी झ टाइप करावा आणि म्हणावं, अरे, हे इथे कसं हललंय, हे त्याला सोसलं नसतं.

मग मुलीकडून नवा कागद घेतला. काचेवर दोन्ही कागद ठेवून खालून दिवा लावला आणि त्याची जाड रेघ जशीच्या तशी वर उतरवली, आतून रंग भरला. बारीक मी ओढली. सरळ, एका श्वासात, फुलीपासून फुलीपर्यंत. चांगली आली. इतकी चांगली आली की मला माझाच राग आला.

फॉन्ट झाला. दोघांचं नाव आहे त्यात. परवा एका नव्या दुकानावर दिसला, छापील बोर्ड, तिरकं, काळंभोर, नखं वगैरे सगळं. लोक बघून पुढे जात होते. नावात झ होता. मी समोरच्या पायरीवर बसून बराच वेळ ती रेघ बघत राहिले. तिच्यात कुठेही थरथर नाही. त्याच्या हाताची शेवटची थरथर होती ती, आणि मी ती तिथे येऊ दिली नाही.